बाण कुणाकडून कुणाकडे

एकशे बारा दशांश चार सात. वरच्या चित्राला हाच आकडा, आणि खालच्या चित्रालाही हाच.

बाणबाईंनी चष्मा काढून पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता, पण त्यांच्या संस्थेतली माणसं आकड्यावर संशय घेण्याआधी चष्म्यावर घेत. पुसून पाहिलं, आकडा तसाच. मग त्यांना वाटलं, आपण एकच फाइल दोनदा चालवली असणार. झालं! नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचीही सोय नाही. अंगण चांगलं सरळ आहे, नाचणारीच वेंधळी निघाली.

आता या बाणबाई कोण, ते आधी सांगायला हवं. मुलांच्या आणि पालकांच्या मनाचा अभ्यास करणारी एक संस्था होती, तिथलं आकडेशास्त्र या बाई बघायच्या. दिवसभर कागदावर वर्तुळं काढायची आणि वर्तुळांमध्ये बाण, म्हणून सगळे त्यांना बाणबाई म्हणत, आणि चहाच्या कपावरही कुणीतरी तेच लिहून ठेवलं होतं. एका वर्तुळात लिहायचं ‘आईची काळजी’, दुसऱ्यात ‘मुलाचं शाळेतलं गप्प राहणं’. काळजी काही फूटपट्टीने मोजता येत नाही. म्हणून आयांना विचारायचं: झोप लागते का, छातीत धडधडतं का, शाळेचा फोन आला की पोटात गोळा येतो का. या सगळ्या उत्तरांच्या मागे जे काही दडलेलं असतं, ते म्हणजे वर्तुळ. आणि बाण म्हणजे कशामुळे काय होतं, याचा आपला अंदाज. असं चित्र कॉम्प्युटरला द्यायचं, त्याला ही मंडळी मॉडेल म्हणतात. मग कॉम्प्युटर शेकडो आयांच्या उत्तरांशी ते ताडून बघतो आणि तफावतीचा एक आकडा तोंडावर फेकतो. दोन मॉडेलं असली की ज्याची तफावत कमी, ते बरं. बाकीचं सगळं प्रबंधाची पानं भरायला असतं.

वरचं चित्र संस्थेच्या प्रमुखांचं, म्हणजे मोठ्या सरांचं. त्यात बाण आईच्या काळजीतून निघून मुलाच्या गप्प राहण्यात घुसत होता. खालचं बाणबाईंनी स्वतः काढलं होतं. त्यात तोच बाण उलटा फिरवलेला: मूल गप्प राहतं, म्हणून आई काळजी करते.

आणि या उलट्या बाणावर बाणबाईंच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, सगळं टांगलेलं होतं.

बहिणीची मुलगी सहा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे आणि तोंड तर त्याहून ठरत नसे. पण शाळेच्या फाटकातून आत गेली की चिडीचूप. वर्षभरात वर्गात एक शब्द नाही. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी ताईला समोर बसवून गोड आवाजात सांगितलं होतं, ‘तुमची काळजी तिच्यात उतरते. थोडे दिवस तुमच्यापासून लांब ठेवून बघा.’ हे ऐकून भावोजीही म्हणाले, दोघींचा ताण तरी कमी होईल. आणि ठरलं, की सत्र संपलं की भिंगरीला वर्षभर तिच्या आत्याकडे, दुसऱ्या गावी ठेवायचं. आत्या बिचारी प्रेमळ, तिचा काही प्रश्न नव्हता. पण ताई तेव्हापासून स्वतःच्या घरात चोरासारखी वावरायला लागली. पोरीच्या केसांतून हात फिरवतानाही मध्येच थांबायची, आपल्या हाताला काही लागलंय की काय असं.

‘तू दिवसभर बाणच काढतेस ना?’ एकदा तिने धाकट्या बहिणीला विचारलं होतं. ‘मग मला सांग, बाण माझ्याकडून तिच्याकडे जातो का? तू म्हणशील तसं करीन मी.’

‘सांगते,’ बाणबाई म्हणाल्या होत्या. आणि मनात म्हणाल्या होत्या, पुराव्यानिशी सोडवते तुला.

असा सोडवायला निघालेला वकील, आणि न्यायाधीशाने दोघांनाही सारखेच गुण दिले! बाणबाईंनी फाइल पुन्हा उघडली, बाण नीट उलटा असल्याचं बघितलं, आणि पुन्हा चालवलं. एकशे बारा दशांश चार सात. मग त्यांनी उगाचच खिडकी उघडली, बंद केली, आणि एकदम कपाळावर हात मारला.

अहो, हे तर त्या स्वतः शिकवायच्या! दोन घरांमध्ये मळलेली पायवाट असेल, तर पायवाटेकडे बघून जाणं-येणं किती आहे ते कळतं. कोण कुणाकडे जातं, ते पायवाट सांगत नाही. ही दोन मॉडेलं जुळी होती. बाण असा फिरवा नाहीतर तसा, एकदाच भरून घेतलेल्या उत्तरांशी त्यांची जुळणी तंतोतंत सारखीच येणार. आकड्याचा इथे काही इलाजच नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवणारी बाई, पण स्वतःच्या बहिणीची गोष्ट आली आणि सगळं विसरून बसली. स्वतःचीच लाज वाटली त्यांना. आणि खरं सांगायचं तर लाजेच्या मागोमाग एक उत्सुकताही आत शिरली. पायवाट सांगत नसेल, तर मग सांगतं कोण?

मोठ्या सरांना अर्थातच असला काही प्रश्न पडला नाही.

‘दोन्ही सारखी? उत्तम! म्हणजे माझं चूक नाही.’

‘सर, म्हणजे माझंही चूक नाही.’

‘अहो बाणबाई, खाण तशी माती! हे आपल्या आजी-पणजीलाही ठाऊक होतं. त्याला कॉम्प्युटर कशाला?’ सर खुर्चीत रेलून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांनी ‘खाण तशी माती’ या एका म्हणीवर तीस वर्षं नोकरी केली होती, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर म्हण बदलणं जिवावर आलं होतं. ‘शनिवारी पुस्तिका छपाईला जायची आहे. सगळ्या शाळांचे समुपदेशक वाट बघतायत. माझं चित्र टाका आणि मोकळ्या व्हा.’

‘आणि ते चुकीचं निघालं तर? आयांना पोरांपासून तोडतील हो लोक!’ बाणबाईंचा आवाज चढला. बाहेर चहा पिणारे दोघं कप हातात धरून थांबले.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. ‘घरचं काही आहे का?’

‘आहे,’ बाणबाई म्हणाल्या. लपवून काय उपयोग? ‘पण म्हणून आकडे फिरवणार नाही मी. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या.’

सरांनी वेळ दिला. देताना पुटपुटले, की उत्तरं तर आता बदलणार नाहीत, मग वेळेचं काय लोणचं घालणार? प्रश्न बिनतोड होता. बाणबाईंनाही उत्तर ठाऊक नव्हतं.

एवढं मात्र ठाऊक होतं की दोन वर्तुळांकडेच टक लावून भागणार नाही. तिसरं काहीतरी हवं, जे दोघींपैकी एकीलाच धक्का देईल. मुलीला धक्का द्यायचा आणि बघायचं, आई हलते का. आईला धक्का द्यायचा आणि बघायचं, मुलगी हलते का. पण असा नेमका एकीलाच लागणारा धक्का आणायचा कुठून? आई आणि सहा वर्षांचं पोर म्हणजे एका अंथरुणात झोपणारी माणसं. एकीला ढकललं की दुसरी आपोआप कुशीवर वळते.

संध्याकाळी त्या ताईकडे गेल्या. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा हे बरं.

भिंगरी स्टुलावर उभी राहून शाळा भरवत होती. समोर अस्वल, हत्ती आणि एक कान तुटलेला ससा रांगेत बसवलेले. ‘हत्ती, चुळबुळ नको! ससा, नाक पूस!’ घर डोक्यावर घेतलं होतं पोरीने. मग हजेरी सुरू झाली. भिंगरी नाव घ्यायची, खाली उतरायची आणि त्या प्राण्यापुढचं बटण उचलून पेटीत टाकायची.

‘अगं, अस्वल हजर म्हणत नाही वाटतं?’ मावशीने विचारलं.

‘त्याला नाही म्हणायचं. पलीकडच्या बालवाडीच्या वर्गात नाही का, आपल्या नावाची पाटी उचलायची आणि फळ्यावर अडकवायची. की झालं. हजेरी लागली.’

‘आणि तुमच्या वर्गात?’

‘आमच्यात मोठ्याने हजर म्हणायचं. मी नाही म्हणत. मग बाई म्हणतात, आजपण नाही? मग सगळे वळून बघतात.’ हे तिने अगदी सहज सांगितलं आणि ती पुन्हा हत्तीला रागवायला लागली.

बाणबाई तशाच उठून स्वयंपाकघरात गेल्या. ‘ताई, भिंगरीच्या वर्गात हजेरी कशी घेतात गं?’

‘कशी म्हणजे? घेतात की. नावं वाचत असतील. का?’

ताईला ठाऊक नव्हतं! वर्षभर लेकीच्या काळजीने वाळली होती, पण हजेरी कशी घेतात हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. कुठली आई विचारायला जाते? म्हणजे हा धक्का मुलीलाच लागतो. आईपर्यंत पोचलाच, तर मुलीमधूनच पोचणार. बाणबाईंना वाटलं, आता स्टुलावर चढून आपणच ओरडावं.

इतक्यात ओट्यावरचा ताईचा फोन वाजला. तिने वाचलं आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

‘कुणाचा?’

‘शाळेचा. दर आठवड्याला येतो शेरा.’ तिने फोन पुढे केला. ‘या आठवड्यातही एक शब्द नाही. घरी लक्ष द्यावे’, एवढंच लिहिलेलं. ‘आला की दोन दिवस माझी झोप जाते. भिंगरीला अजून वाचता येत नाही, तेवढं बरंय.’

‘सगळ्याच शाळा पाठवतात?’

‘छे. शेजारणीच्या मुलाच्या शाळेत असलं काही नाही.’

आता हा दुसरा धक्का, आणि तो फक्त आईला! बाणबाईंनी ताईला घट्ट मिठी मारली. ताई बघतच राहिली. शेरा आल्यावर इतकं खूश झालेलं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

‘हजेरी?’ दुसऱ्या दिवशी मोठे सर म्हणाले. ‘मानसशास्त्रात हजेरी?’

बाणबाईंनी फळ्यावर चित्र काढलं. मधोमध दोन वर्तुळं, त्यांच्यामध्ये जाणारा आणि येणारा असे दोन्ही बाण. मुलाच्या वर्तुळाला बाहेरून लागणारी हजेरीची पद्धत, आणि आईच्या वर्तुळाला बाहेरून लागणारा शेरा. सर उठून फळ्याजवळ गेले, हजेरीचा बाण बोटाने गिरवला, बोटाला लागलेला खडू कोटाला पुसला. मग शाळांचे नंबर मागितले आणि स्वतःच फोन लावायला बसले.

त्या दिवशी संस्थेत जी गंमत चालली, तिला तोड नाही. सर मुख्याध्यापकांना भारदस्त आवाजात विचारायचे, ‘आपल्याकडे पहिलीच्या वर्गात हजेरी कशी घेतात?’ आणि पलीकडे धाबं दणाणायचं. कुणाला वाटलं तपासणी आली, कुणाला वाटलं तक्रार झाली. एका मुख्याध्यापिकांनी ‘आमच्याकडे हजेरी नियमानुसारच होते’ हे एकच वाक्य इतक्या वेळा म्हटलं की सरांनी शेवटी विचारलं, ‘अहो, पण पोरं तोंड उघडतात की नाही?’ तेव्हा कुठे कळलं, की त्यांच्याकडे नुसता हात वर करतात. संध्याकाळपर्यंत प्रत्येक शाळेपुढे दोन खुणा झाल्या: हजेरी बोलून की न बोलता, शेरा पाठवतात की नाही.

बाणबाईंनी आता तीन मॉडेलं तयार केली. एकात फक्त सरांचा बाण, एकात फक्त स्वतःचा, आणि एकात दोन्ही. या वेळी ती जुळी नव्हती. सर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

आधी सरांचं चित्र. तफावत भरमसाट. सर खाकरले. जिथे न बोलता हजेरी होती तिथली मुलं कमी गप्प होती, आणि त्यांच्या आयांना झोप लागत होती. म्हणजे बाण मुलाकडून आईकडे जात होता, आणि चांगला जाडजूड होता. बाणबाई मनातल्या मनात म्हणाल्या, ताई, सुटलीस गं!

मग दोन्ही बाणांचं चित्र, आणि त्याच्याशेजारी फक्त बाणबाईंचं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की सरांचा बाण खोडला तरी काही बिघडू नये. खोडला. तफावत वाढली. फार नाही, पण ‘योगायोग असेल’ म्हणून झटकून टाकण्याइतकी थोडीही नाही. शेरा जिथे जात होता तिथल्या आयांची काळजी जास्त होती, आणि त्यांची मुलं, ज्यांना तो शेरा वाचताही येत नव्हता, ती किंचित जास्त गप्प होती.

‘मेला कुठला!’ बाणबाई म्हणाल्या. हे त्या बाणाला उद्देशून होतं, पण सर दचकले. बाईंनी पुन्हा चालवून बघितलं, गडबडीत भरलेली उत्तरं बाजूला काढून बघितलं, एकेक शाळा वगळून बघितलं. बारीकसा बाण प्रत्येक वेळी होताच. आईकडून मुलीकडे.

‘दोन्ही ठेवा,’ सर हळूच म्हणाले. ‘आणि ते वाक्य काढा. आईपासून अंतर ठेवण्याचं. मागच्या पुस्तिकेत मीच लिहिलं होतं ते.’ त्यांनी स्वतःच पेन घेऊन वाक्यावर रेघ मारली, आणि मग बराच वेळ पेनचं टोपण लावत बसले. बाणबाईंना त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, या वयात असं बसायला लागणं सोपं नाही.

शनिवारी दुपारी त्या ताईकडे निघाल्या. वाटेत त्यांनी ठरवून टाकलं: जाड बाण सांगायचा, बारीक सांगायचा नाही. पुस्तिकेत दोन्ही आहेत, विज्ञानाशी बेइमानी झालेली नाही. पण ताईला तो बारीक कशाला? वर्षभर मनाला खात बसेल.

ताई इस्त्री करत होती. भिंगरी आणि भावोजी बाहेर गेले होते. बाणबाईंनी चप्पलही नीट काढली नाही.

‘ताई, बाण तिच्याकडून तुझ्याकडे येतो. ती शाळेत गप्प राहते म्हणून तू काळजी करतेस. तुझ्यामुळे ती गप्प नाही. झालं?’

‘नक्की?’

‘नक्की.’

बाणबाई वाट बघत राहिल्या. आता ताई रडेल, मग हसेल, मग चहा टाकेल. ताईने छोट्या फ्रॉकची बाही उलटी केली आणि तिच्यावरून इस्त्री फिरवली.

‘म्हणजे मी काही केलेलं नाही.’

‘काही नाही!’

‘आणि मी काही केलं तरी तिच्यापर्यंत काही पोचत नाही.’

‘अगं, असं कुठे...’

‘असंच झालं ना? माझ्याकडून बाणच नाही म्हणतेस.’ ताईचा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाचीच बाणबाईंना भीती वाटली. ‘मग इथे राहिली काय नि वन्संकडे राहिली काय. तिथे अंगण आहे, शाळा मोठी आहे. मला वाटायचं, माझ्यामुळे बिघडलं असेल तर माझ्यामुळे सुधारेलही. तेही नाही म्हटल्यावर जाऊ दे तिला. रात्री कळवते मी त्यांना.’

बाणबाई मटकन पलंगावर बसल्या. वाचवायला जाऊन बुडवलं की हो! ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, हे लहानपणी याच ताईने त्यांना शिकवलं होतं.

‘ताई, मी अर्धंच सांगितलं,’ त्या म्हणाल्या. ‘दुसरा बाण आहे. तुझ्याकडून तिच्याकडे. मला तो नको होता. मी खोडून बघितला, पुन्हा पुन्हा बघितला. खोडला की चित्र बिघडतं.’

ताईने इस्त्री उभी ठेवली.

‘केवढा आहे?’

‘बारीक आहे. तिचा मनगटाएवढा धरला तर तुझा करंगळीएवढा.’

‘पण आहे ना?’

‘आहे. पण ताई, तो काळजीचा बाण आहे. तुझी काळजी वाढली की तिचं गप्प राहणं...’

‘कळलं गं, तेवढी बावळट नाही मी.’ ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती चक्क हसत होती. ‘माझी काळजी जर तिच्यापर्यंत पोचत असेल, तर बाकीचंही पोचत असेल की.’

‘ते आम्ही विचारलं नव्हतं. त्याचं वर्तुळ नाही आमच्या चित्रात.’

‘तुम्ही विचारलं नाही म्हणून नसतं होय!’

बाणबाईंच्या डोक्यात एक नवं रिकामं वर्तुळ तयार झालं होतं. त्यात काय लिहायचं, ते कशाने मोजायचं, आयांना नेमकं काय विचारायचं, या विचारात त्या पार हरवल्या. ताईने फोन कधी उचलला, तेही कळलं नाही.

‘वन्सं? हो, मीच. भिंगरी नाही येत हो. नाही, नाही, तुमच्याबद्दल काही नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सुट्टीत चार दिवस येऊ आम्ही दोघी.’ पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताईने नाक पुसलं. ‘कारण असं काही नाही. मी लागते तिला. थोडीच लागते, पण लागते.’